ट्रेसी परत येते तेव्हा

३ डिसेंबर २०२४, मंगळवार

निर्मात्यांकडून आज सूचना आली. तिसऱ्या आणि चौथ्या भागातले नायक-नायिकेचे सीन निम्मे करा, पेस पडतोय. हेरगिरीची मालिका आहे, लोक पळापळ बघायला बसतात, मध्येच प्रेम आलं की हात रिमोटकडे जातो. दिग्दर्शक एडिट रूममध्ये माझ्या बाजूच्याच खुर्चीत होता. हे सीन त्याने जीव ओतून घेतलेत. काही न बोलता उठला आणि खाली चहाला गेला.

पेस पडतो, हे मलाही दिसतंय. पण सीन लांब आहेत म्हणून तो पडत नाही. आमच्याकडे एक मारामारी संपली की प्रेमाचा एक सीन येतो, मग पाठलाग, मग पुन्हा ते दोघे गच्चीवर. दर वेळी धोका टळल्यावरच ती येते. त्यामुळे ती दिसली की प्रेक्षक समजून जातो, आता पाच मिनिटं काही होणार नाही. असे सीन निम्मे केले तर पेस निम्मा वेळ पडेल, एवढंच.

हे नुसतं बोलून कोणाला पटणार नाही, दाखवावं लागेल. 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस' पुन्हा बघायला घेते.

५ डिसेंबर, गुरुवार

१९६९चा बाँडपट. शॉन कॉनरी सोडून गेलेला, त्याच्या जागी जॉर्ज लॅझनबी, ऑस्ट्रेलियातून आलेला मॉडेल, अभिनयाचा अनुभव जवळजवळ नाही. समोर ट्रेसीच्या भूमिकेत डायना रिग. या चित्रपटाचा विषय निघाला की लोक लॅझनबीपासून सुरू करतात आणि तिथेच थांबतात. माझं लक्ष पीटर हंटवर असतं. हंट मूळचा एडिटर. 'डॉ. नो', 'फ्रॉम रशिया विथ लव्ह', 'गोल्डफिंगर' हे त्याच्या हाताखालून गेलेले. माणूस दारातून निघाला की पुढच्या कटला तो पोचलेला असला पाहिजे, मधलं चालणं कशाला दाखवायचं, हे त्याने त्या चित्रपटांत रुजवलं. हालचाल चालू असतानाच कापायचं, मारामारीतल्या मधल्या फ्रेम काढून टाकायच्या, ठोसा नीट दिसायच्या आत लागलेला असायला हवा. बाँडपटांचा वेग बराचसा या माणसाच्या टेबलावर घडला.

आणि त्याच माणसाला पहिल्यांदा दिग्दर्शन करायला मिळालं तेव्हा त्याने १४२ मिनिटांचा चित्रपट केला. तोवरचा सर्वांत लांब बाँडपट. २००६ मध्ये 'कॅसिनो रॉयाल' १४४ मिनिटांचा आला, तोपर्यंत हा विक्रम टिकला. दोन्ही चित्रपटांत बाँड खरोखर प्रेमात पडतो. हा निव्वळ योगायोग आहे असं मला वाटत नाही.

आज फक्त सुरुवात बघितली, तीनदा. पोर्तुगालचा किनारा. बाँडचा चेहरा आपल्याला नीट दिसायच्या आधी एक बाई गाडी भरधाव चालवत त्याला मागे टाकून जाते. तो मागोमाग जातो तर किनाऱ्यावर तिची गाडी उभी, आणि ती मेजवानीच्या पोशाखात सरळ समुद्रात चालत निघालेली. तो तिला बाहेर काढतो, तेवढ्यात दोघे त्याच्यावर चालून येतात, पाण्यात झटापट होते, आणि झटापट संपेपर्यंत ती निघून गेलेलीही असते. नव्या बाँडची ओळख, तिची ओळख, पहिली मारामारी, सगळं एकाच सीनमध्ये उरकलं. प्रेमकथा सुरू करायला हंटला वेगळा वेळ काढावाच लागला नाही.

६ डिसेंबर

ट्रेसीचा बाप ड्राको, कॉर्सिकातल्या गुन्हेगारी टोळीचा म्होरक्या. माझ्या मुलीशी लग्न कर, दहा लाख पौंड देतो, म्हणतो. बाँडला पैसे नकोत, खलनायक ब्लोफेल्डचा ठावठिकाणा हवाय. म्हणजे प्रेमकथेच्या मुळाशी व्यवहार आहे. ट्रेसीला हे कळतं तेव्हा ती बापाला बजावते की याला हवी ती माहिती आत्ता देऊन टाका, बदल्यात काही न मागता. आणि तिथून उठून जाते. बाँडला आता तिच्या मागे जायचं काही कारण उरलेलं नाही. तरी तो जातो.

यानंतर ती प्रसिद्ध मॉन्टाज आहे, लुई आर्मस्ट्राँगच्या गाण्यावर. घोड्यावरून रपेट, बागा, अंगठ्यांच्या दुकानाची काच. अशा मॉन्टाज मी स्वतः ढिगाने कापल्यात आणि त्या का लावतात हे मला माहीत आहे: दोन माणसं जवळ आली हे लिहिता आलं नाही की गाणं लावायचं. इथे तसं झालेलं नाही, कारण महत्त्वाचा निर्णय मॉन्टाजच्या आधीच होऊन गेलाय. शिवाय आवाज. जॉन बॅरी आणि हॅल डेव्हिडचं हे गाणं आर्मस्ट्राँगने गायलं तेव्हा त्याची तब्येत ढासळलेली होती. दोन वर्षांनी, १९७१ मध्ये, तो गेला. पडद्यावर दोन धडधाकट देखणी माणसं आणि वर हा थकलेला, खरबरीत, मायाळू आवाज. वेळ भरपूर आहे असं तो सांगतो आणि आपला त्यावर विश्वास बसत नाही. चित्रपटाचं घड्याळ तिथे सुरू होतं. एकही बंदूक न दाखवता.

८ डिसेंबर, रविवार

आज घरी कोणी नव्हतं. मधला सगळा भाग सलग बघितला.

मॉन्टाजनंतर थोड्याच वेळात ट्रेसी चित्रपटातून नाहीशी होते. बर्नमध्ये ब्लोफेल्डच्या वकिलाच्या कचेरीतली तिजोरी फोडायचा तो जवळजवळ मुका सीन येतो. क्रेनने खिडकीतून आत घेतलेलं यंत्र आपलं काम करतंय आणि बाँड मासिक चाळत बसलाय. त्यानंतर बाँड लंडनच्या वंशावळ-तज्ज्ञाचं सोंग घेऊन ब्लोफेल्डच्या डोंगरमाथ्यावर जातो. ही जागा खरी आहे, स्वित्झर्लंडमधलं शिल्थॉर्न, २९७० मीटर उंचीवरचं फिरतं उपाहारगृह. इथे चित्रपट मुद्दाम रेंगाळतो. बाहेर बर्फ, आत गालिचे, जेवणाची टेबलं, वर जायला-यायला केबल कार नाहीतर हेलिकॉप्टर. जवळजवळ तासभर ट्रेसीचं नावसुद्धा निघत नाही.

आजच्या कोणत्याही प्रीव्ह्यूमध्ये यावर पहिला शेरा हाच आला असता की नायिका कुठे गेली, मध्ये एखादा फोन तरी टाका. हंटने टाकला नाही. तो आपल्याला तिला विसरू देतो. तेवढं धाडस माझ्यात आहे का, याचा विचार करतेय.

मग सोंग उघडं पडतं. केबल कारच्या यंत्रघरातून निसटणं, आणि रात्रीचा स्कीवरचा पाठलाग. या पाठलागातले शॉट्स विली बोग्नर या जर्मन स्कीपटूने हातात कॅमेरा धरून, स्वतः स्कीवर उलटा घसरत घेतलेत. हवेतून दिसणाऱ्या दृश्यांसाठी जॉनी जॉर्डन हेलिकॉप्टरखाली लटकून चित्रण करत होता. बाँडची एक स्की जाते, तो एका पायावर उतरत राहतो. आणि खाली गावात पोचतो तेव्हा तिथे नाताळची जत्रा भरलेली असते.

इथून पुढची काही मिनिटं मी टाइमलाइनवर घेऊन एकेक कट बघितला. डोंगरावर सगळं मोकळं होतं. इथे गर्दी, दिवे, बँड, मुलांचं नाताळचं गाणं. इतका वेळ जी गती होती ती सगळी गर्दीत अडकते. अस्वलाचा वेश घातलेला एक माणूस अचानक पुढे येतो, फ्लॅश उडतो, आणि बाँड दचकतो. खरोखर दचकतो. लॅझनबीच्या अननुभवी चेहऱ्यावर इथे भीती दिसते, तशी भीती कॉनरीने कधी दाखवली नसती. शत्रूची माणसं गर्दीत आहेत हे आपल्याला ठाऊक असतं. बाँड बर्फावरच्या स्केटिंग रिंकच्या कडेला एका बाकावर बसतो, कॉलर वर ओढतो, मान खाली घालतो. त्याच्याजवळची हुशारी संपलेली आहे. बाँड हरलाय असं मला फार थोड्या ठिकाणी वाटतं, त्यातलं हे एक.

आणि फ्रेममध्ये दोन स्केट्स येऊन थांबतात. कॅमेरा वर जातो. ट्रेसी.

ही बाई सकाळी नाश्त्याच्या टेबलावर भेटली असती, तर सीन दोन मिनिटांचा झाला असता आणि कोणाच्या लक्षात राहिला नसता. ती तासाभराने परत आली, तेही सगळे रस्ते बंद झाल्यावर. पुढे तर आणखी बहार आहे. गाडी तिची आहे आणि ती तीच चालवते. बाँड शेजारच्या सीटवर. पाठलाग करणाऱ्यांना चुकवत ती गाडी सरळ बर्फावरच्या मोटार शर्यतीत घुसवते आणि इतर गाड्यांना धडका देत बाहेर काढते. पहिल्या सीनमध्ये ती भरधाव गाडी चालवत होती ती मरायला निघालेली म्हणून. इथे तेच वेड दोघांना वाचवतं. तिच्या डोळ्यांत जी मजा आहे ती रिगखेरीज कोणालाही जमली नसती. मी हा पाठलाग बघताना पहिल्यांदा स्पष्टपणे म्हणू शकले की प्रेमाचा सीन चालू आहे आणि पेस वर जातोय, दोन्ही एकाच वेळी, एकाच शॉटमध्ये.

त्यानंतर हिमवादळ, गोठा, आणि तिथे तो तिला लग्नाचं विचारतो. हा सीन संथ आहे, आणि संथ असण्याचा हक्क त्याने कमावलाय. आम्ही आमच्या गच्चीला तो हक्क पहिल्या भागातच देऊन टाकला.

९ डिसेंबर

एक गोष्ट मात्र मला या चित्रपटात आजही खुपते. ट्रेसी नसते त्या तासात बाँड ब्लोफेल्डने डोंगरावर ठेवलेल्या मुलींच्या खोल्यांत हिंडतो, एकीकडून दुसरीकडे. माहिती काढायचं निमित्त असलं तरी चित्रपट त्याची गंमत घेतो. अंगठीच्या दुकानाची काच आपण नुकतीच बघितलेली आहे. १९६९ सालच्या प्रेक्षकाला बाँडकडून हे हवंच होतं, निर्माते ते सोडणार नव्हते, सगळं मान्य. तरी हे सीन प्रेमकथेला खिंडार पाडतात आणि वेगालाही, कारण तिथे काहीच पणाला लागलेलं नाही. आमच्या गच्चीच्या सीनचीही हीच अडचण आहे.

११ डिसेंबर, बुधवार

'कॅसिनो रॉयाल'. मार्टिन कॅम्पबेल दिग्दर्शक, संकलन स्टुअर्ट बेअर्ड. इथे गंमत अशी की नायिका वेस्पर लिंड जवळजवळ तासाभराने पहिल्यांदा दिसते. तोवर मादागास्करमधल्या क्रेनवरचा पाठलाग झालेला असतो, मायामीच्या विमानतळावरचा टँकर झालेला असतो. चित्रपटाने आपली बरीचशी दारू उडवून झालेली असते. मग आगगाडीच्या डब्यात ती समोर येऊन बसते आणि दोघे एकमेकांची उलटतपासणी घेतात. पाठलागानंतर आलेला बोलण्याचा सीन, पण मंदावत नाही, कारण दोघेही हल्ला करतायत.

खरी कारागिरी पुढे आहे. फ्लेमिंगच्या १९५३च्या कादंबरीत बाकारा आहे, चित्रपटात पोकर. पत्त्यांचा डाव पडद्यावर किती वेळ दाखवणार? त्यांनी डावाला मध्यंतरं ठेवली आणि प्रत्येक मध्यंतरात बाँडचा जीव धोक्यात घातला. पहिल्यात जिन्यावरची मारामारी, हाताने गळा आवळून मारण्यापर्यंत गेलेली, वेस्परच्या डोळ्यांदेखत. त्याला रक्त धुऊन, शर्ट बदलून पुन्हा टेबलावर जाऊन बसायचंय. तो बसतोही. नंतर खोलीवर येतो तेव्हा ती शॉवरखाली बसलेली असते, अंगावर पूर्ण पोशाख, भिजलेली. मूळ कल्पनेत ती एवढे कपडे घालून नव्हती. पूर्ण पोशाखातच बसलेली असावी, हे बाँड झालेल्या डॅनियल क्रेगने सुचवलं, आणि सीन वाचला. तो तिच्या शेजारी तसाच भिजत बसतो. कट जवळजवळ नाहीतच.

मारामारी संपल्यावर आलेला प्रेमाचा सीन आहे हा, म्हणजे वरवर पाहता आमच्याचसारखी रचना. फरक एवढाच की आमच्याकडे मारामारी संपलेली असते. इथे ती वेस्परच्या अंगात अजून चालू आहे.

शेवटच्या अर्ध्या तासाबद्दल पुष्कळांची तक्रार असते. खलनायक मेला, आता कोमो सरोवर, बाग, व्हेनिस, कशाला इतकं लांबवलं? मी त्या अर्ध्या तासाच्या बाजूची आहे. ली शिफ्र गेला पण पैसे अजून कुठेतरी अडकलेत, आणि वेस्परच्या चेहऱ्यावर सुखाबरोबर आणखी काहीतरी आहे. बाँड थांबतो आणि आपण थांबू शकत नाही. बाँडची वरिष्ठ एम हिचा फोन येतो तेव्हा तो संथपणा कशासाठी होता ते कळतं.

१४ डिसेंबर, शनिवार

दादरला मावशीकडे. मारधाड तिला चालत नाही, म्हणून हिचकॉकचा 'नटोरियस' लावला. १९४६, केरी ग्रँट आणि इन्ग्रिड बर्गमन. हेरकथाच, पण पाठलाग नाही, मारामारी नाही. नायक नायिकेला दुसऱ्या पुरुषाच्या घरात हेर म्हणून घुसवतो, तो पुरुष तिला लग्नाची मागणी घालतो, आणि नायक तिला नको म्हणत नाही.

मावशी मध्येच म्हणाली, "अगं, तो सरळ सांगत का नाही तिला?"

"सांगितलं तर पिक्चर संपेल, मावशी."

"मग ती तरी विचारेना!"

पार्टीच्या सीनला मात्र ती गप्प झाली. तळघराची किल्ली बर्गमनच्या मुठीत, वर शॅम्पेन संपत चाललेली. बाटल्या संपल्या की घरधनी नवीन आणायला तळघरात उतरणार, आणि खाली हे दोघे युरेनियमची भुकटी भरलेली बाटली शोधतायत. घड्याळ म्हणून शॅम्पेन! नवरा जिन्यावर दिसताच ग्रँट तिला मिठीत घेऊन चुंबन घेतो, आपण फक्त प्रेमिक आहोत असं त्याला वाटावं म्हणून. ढोंग केलं जातं ते खऱ्या गोष्टीचंच. हेरगिरी आणि प्रेम यांच्यात कात्री घालायला जागाच उरलेली नाही.

चुंबनाबद्दल आणखी एक. त्या काळच्या सेन्सॉर नियमांमुळे तीन सेकंदांच्या वर चुंबन चालत नसे. हिचकॉकने आधीच्या एका सीनमध्ये ते तुकड्या-तुकड्यांत घेतलं. ओठ टेकतात, सुटतात, बोलणं चालू, गॅलरीतून फोनपर्यंत एकमेकांना न सोडता चालत जाणं, पुन्हा ओठ. दोन-अडीच मिनिटं. बोलणं काय, तर रात्रीच्या जेवणातल्या कोंबडीविषयी. आणि त्या फोनवरच नायकाला कामगिरीचं बोलावणं येतं.

मावशीने जेवायला वाढताना जाहीर केलं की शेवटी तो तिला जिन्यावरून उतरवून आणतो तेव्हा जिना मोठा झाल्यासारखा वाटला. मी काही शिकवलं नव्हतं तिला.

१६ डिसेंबर

सहायक मुलीने आज विचारलं, "ताई, आपल्याकडचं काहीच कसं नाही तुमच्या यादीत?" आणि तिनेच 'एजंट विनोद'मधला 'राब्ता'चा प्रसंग लावला. २०१२, श्रीराम राघवन, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेला दिग्दर्शक. मोटेलमध्ये एक अंध मुलगी पियानो वाजवतेय, प्रेमगीत चालू आहे, आणि त्या गाण्याच्या आत सैफ आणि करीना गोळीबारातून वाट काढतायत, कट न घेता. हिंदी चित्रपटात गाणं आलं की कथा थांबते ही जुनी सवय. इथे गाणं थांबलं नाही आणि गोळ्याही थांबल्या नाहीत. मला हा प्रसंग त्या सबंध चित्रपटाहून मोठा वाटतो.

"पण ताई, कटच नसेल तर एडिटरचं काम काय?"

या शॉटच्या आधी काय आहे आणि नंतर काय आहे ते बघ, म्हटलं. ती बघत बसली. चांगली एडिटर होईल.

१८ डिसेंबर, बुधवार

१९६९ मध्ये आजच्याच तारखेला लंडनला 'ऑन हर मॅजेस्टीज'चा पहिला खेळ झाला. त्या प्रेक्षकांना शेवट कसा वाटला असेल? बाँड-ट्रेसीचं लग्न झालेलं, एमची सेक्रेटरी मनीपेनी रडलेली, गाडीवर फुलंच फुलं. ती फुलं काढायला बाँड रस्त्याकडेला थांबतो. कथेतल्या सगळ्या लढाया संपलेल्या आहेत, म्हणजे सुरक्षित जागा, म्हणजे पाच मिनिटं काही होणार नाही. दुसरी गाडी येते, गोळ्या सुटतात, निघून जाते. हंट इथे पुन्हा जुना एडिटर होतो. काही सेकंदांत उरकतं. मग बाँड मेलेल्या ट्रेसीला कुशीत घेऊन बसतो आणि कटची घाई संपते. सबंध चित्रपटात ज्याने मधल्या फ्रेम काढून टाकल्या, त्याने इथे एकही काढली नाही.

पुढे श्रेयनामावलीवर नेहमीची दणदणीत बाँड धून वाजते. ती मला सहन होत नाही. आर्मस्ट्राँगचं गाणं शेवटी पुरतं वाजायला २०२१ यावं लागलं, 'नो टाइम टू डाय'मध्ये.

२० डिसेंबर, शुक्रवार

चौथा भाग नव्याने लावला. तिसऱ्या भागातून नायिका जवळजवळ संपूर्ण काढली. दिग्दर्शकाचा चेहरा पडला. मग चौथ्यात, गोदीतल्या पाठलागाच्या मध्यात, नायकाला लपायला जागा उरत नाही तिथे तिला आणलं. ती नर्स आहे, रात्रपाळीहून निघालीय, हे आधी चित्रित झालेलंच होतं. आम्ही ते सकाळच्या एका गोड सीनसाठी वापरत होतो. त्यांचं भांडण, जे गच्चीवर शांतपणे चालायचं, ते आता अँब्युलन्समध्ये मागच्या बाजूला दबक्या आवाजात होतं आणि बाहेर झडती चालू आहे. संवाद तोच. शॉट काही अँब्युलन्समधलेच आहेत, दुसऱ्या प्रसंगातून आणलेले. दोन वाक्यं डबिंगला जातील.

दोघांच्या सीनची एकूण लांबी मोजली. निम्मी झालेली नाही, होती तेवढीच आहे. दिग्दर्शकाने सबंध भाग बघितला आणि अँब्युलन्सचा सीन आणखी थोडा लांबवता येईल का, असं विचारलं. येईल, म्हटलं.

गच्चीचा एक सीन त्याला अजूनही ठेवायचाय, पाचव्या भागाच्या सुरुवातीला. नटीने त्यात फार सुंदर काम केलंय, त्याचं म्हणणं खोटं नाही. पण तिथे तो बसत नाही. सोमवारी निर्माते यायच्या आत मी तो उचलून सहाव्या भागात, अटकेच्या आदल्या रात्रीवर, लावून बघणार आहे.